विळी, ग्रहण आणि आठवा आठवडा: बाळाची टाळू जुळते कशी?

मृद्गंध

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं. माझी वहिनी सातव्या महिन्यात होती आणि त्या सकाळी तिने विळीवर दुधी चिरला. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात माझा भाचा जन्मला. ओठ छान, नाक छान, पण टाळू पडजिभेपासून अर्ध्यापर्यंत उघडी. अंगावर घेतलं की दूध नाकातून यायचं. घरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी पाळण्यापाशी उभं राहून म्हटलं, "चिरलंस, म्हणून चिरलं गेलं."

मी उंदरांच्या भ्रूणांवर सहा वर्षं काम केलेली बाई. उत्तर मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. ते अजून सलतं. या धाग्यात ते उत्तर नीट लिहून ठेवते आहे.

आधी तारखांचा हिशोब. बाळ पूर्ण दिवसांचं होतं, म्हणजे गर्भधारणा जून २०१९ च्या मध्याच्या थोडी आधीची. माणसाच्या भ्रूणात टाळूच्या दोन बाजू आठव्या आठवड्यात आडव्या होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत सांधून संपतात. (हे आठवडे गर्भधारणेपासूनचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांचा आकडा दोनने जास्त येतो.) म्हणजे भाच्याच्या टाळूच्या बाजू श्रावणाच्या सुरुवातीला उचलल्या जायच्या होत्या आणि गणपती बसले त्या सुमारास सगळं काम संपायचं होतं. ग्रहण त्यानंतर जवळजवळ चार महिन्यांनी लागलं. उघडी राहिलेली टाळू तेव्हा केव्हाचीच उघडी होती.

आता ती मुळात जुळते कशी ते.

चेहरा घडवणाऱ्या बहुतेक पेशी चेहऱ्याच्या जागी जन्मतच नाहीत. पुढे मेंदू होणारी नळी मिटत असते, तिच्या पाठीकडच्या कडेवरून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी सुटतात आणि चालत चालत पुढे येऊन तोंडाभोवतीच्या उंचवट्यांत भरतात. वरच्या जबड्याच्या डाव्या-उजव्या उंचवट्यातून आतल्या बाजूला एकेक फळी फुटते. या फळ्या आडव्या फुटत नाहीत. जिभेच्या दोन्ही अंगांना उभ्या, खाली लोंबत वाढतात, कारण मधली सगळी जागा जिभेने अडवलेली असते. मग जबडा लांब होतो, जीभ खाली बसते आणि फळ्या जिभेच्या वर येऊन आडव्या होतात. उंदरात गर्भ एकोणीस-वीस दिवसांचा. त्यात साडेअकराव्या दिवशी फळ्या दिसू लागतात, साडेतेराव्यापर्यंत उभ्या असतात आणि चौदाव्या-साडेचौदाव्या दिवशी आडव्या. सकाळी पाहिलेल्या भ्रूणात त्या उभ्या आणि त्याच पोटातल्या, रात्री पाहिलेल्या भावंडात आडव्या असं मी स्वतः पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून उठवेना.

उचलायला बळ कुठून येतं? एक वाटा हायलुरोनिक आम्लाचा. फळीच्या मऊ गाभ्यात ते साठतं, पाणी धरून ठेवतं आणि फळी फुगून ताठ होते. पुढचा भाग दार उघडावं तसा वर फिरतो. मागच्या भागात मात्र आतल्या बाजूने नवा फुगवटा येतो आणि त्या भागाचा आकारच बदलत जातो. एकाच फळीत दोन तऱ्हा.

जनुकांचं काम यातल्या प्रत्येक पायरीवर आहे, आणि ते बरंचसं निरोपानिरोपीचं आहे. फळीला वरून पेशींचा पातळ थर असतो, आत गाभा. गाभ्यातल्या पेशी एफजीएफ१० नावाचं प्रथिन सोडतात. वरच्या थरावर ते ओळखणारा रिसेप्टर असतो. निरोप पोचला की वरचा थर सॉनिक हेजहॉग हे दुसरं प्रथिन सोडतो आणि ते गाभ्याला सांगतं, वाढत राहा. यातला कुठलाही एक दुवा तोडला की फळी आखूड राहते. पुढच्या अर्ध्यात आणखी एक साखळी आहे: एमएसएक्स१ हे जनुक गाभ्यात बीएमपी४ हे निरोपाचं प्रथिन चालू ठेवतं, बीएमपी४ मुळे वरच्या थरात हेजहॉग चालू राहतं. एमएसएक्स१ काढून टाकलेल्या उंदरांची टाळू उघडी राहते आणि दातही येत नाहीत. २००२ साली अशाच उंदरांत त्या जागी बाहेरून बीएमपी४ पुरवलं, तर एमएसएक्स१ नसतानाही टाळू जुळली. मला हा प्रयोग फार आवडतो. कुठलं जनुक नसलं की बिघडतं एवढंच सांगून तो थांबत नाही. नेमका कुठला निरोप अडला होता, तेही दाखवतो.

फळ्या भेटल्यावर काय होतं, ते प्रतिसादांत लिहीन. हे लांबलं.

---

कोकणवाट

वाचनखूण साठवली. पुढचं लवकर लिहा.

---

शेवंता

ताई, मी इथे सहसा फक्त वाचते. माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिचीही फक्त टाळूच होती, ओठ नाही. अकराव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. ग्रहणाचं मी सगळं पाळलं होतं. दोन्ही वेळा खोलीत बसून होते, सुईसुद्धा हातात धरली नव्हती. मग सासरी म्हणाले, आधी कधीतरी झालं असेल, तुला आठवत नसेल. तारखा काढल्या तर एखादा वार, एखादा सण त्या आठवड्यांत सापडेलच ना. मग काय उत्तर द्यायचं?

फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही वेळेवर घेतल्या होत्या. तरी का?

---

मृद्गंध

शेवंता, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. माझा तारखांचा हिशोब फक्त एवढंच सांगतो की भाच्याच्या बाबतीत ग्रहण उशिरा आलं. त्या चार आठवड्यांत नागपंचमी आली असेल, कुणी भाजी चिरली असेल, कुणी शिवण टिपलं असेल. त्या प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसायचं कारण नाही. विळीचं पातं भाजी कापतं. गाभ्यातून वरच्या थराकडे जाणारं प्रथिन त्याने अडत नाही. आणि जगात साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं, ग्रहण ही गोष्ट ज्यांच्या ध्यानीमनीही नसते अशा देशांतसुद्धा.

फॉलिक ॲसिडबद्दल: पाठीच्या कण्यातले दोष टाळण्यासाठी त्याचा उपयोग पक्का सिद्ध आहे, त्यामुळे ते घ्यायचंच. टाळूच्या बाबतीत पुरावा तितका एकसुरी नाही. तुम्ही गोळ्या घेतल्यात, योग्य केलंत. त्यातून टाळूची हमी मिळत नाही, एवढंच.

"तरी का" याचं एका बाळापुरतं उत्तर बहुतेक वेळा देता येत नाही. पण एक जुना प्रयोग सांगते, मला स्वतःला त्याने फार समजलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर यांनी गाभण उंदरांना कॉर्टिसोन दिलं. एका जातीच्या जवळजवळ सगळ्या पिल्लांची टाळू उघडी राहिली. दुसऱ्या जातीत तेच औषध देऊन साधारण पाचव्या हिश्श्याचीच. औषध एकच, फरक का? पुढे कळलं की पहिल्या जातीच्या फळ्या एरवीसुद्धा उशिरा उचलल्या जातात. जुळायला जी मुदत असते तिच्या अगदी काठावर ती पिल्लं असतात. थोडा आणखी उशीर झाला की डोकं रुंद झालेलं असतं आणि फळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. माणसात अनेक जनुकांचे लहान लहान फरक मिळून एखादं बाळ असं काठाजवळ असतं, आणि मग अगदी बारीक कारण पुरतं. मुलींमध्ये फक्त टाळू दुभंगण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. त्याचंही एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं: मुलींच्या फळ्या सुमारे आठवडाभर उशिरा आडव्या होतात.

---

पशुवैद्य

धागा आवडला. गोठ्यातूनही दोन शब्द.

नाकातून दूध येणारी वासरं आम्ही पाहतो. गाय विळी घेऊन बसत नाही, हे मी मालकांना सांगत आलो आहे, आणि ते लोकांना पटतं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत ल्युपिन नावाची वनस्पती आहे. गाभण गाईने ठराविक दिवसांत ती खाल्ली की वासरू वाकड्या पायांचं आणि उघड्या टाळूचं जन्मतं. त्यातलं विषारी द्रव्य गर्भाची हालचाल मंदावतं. शेळ्यांना हेमलॉकसारख्या विषारी वनस्पती देऊन याचे प्रयोग झाले. गर्भ हलला नाही, जीभ खाली सरकली नाही, फळ्यांच्या मधेच अडून राहिली. मृद्गंध यांनी जीभ खाली बसते असं एका ओळीत लिहिलं आहे, पण मला वाटतं त्या ओळीवर जास्त जोर हवा. जनुकं ठीक, फळ्या ठीक, आणि जीभ मधून हलत नाही म्हणून टाळू उघडी, असंही होतं.

---

मृद्गंध

अगदी मान्य, आणि आभार. माणसातही याचं उदाहरण आहे. खालचा जबडा फार लहान राहिला तर जीभ मागे आणि वर ढकललेली राहते, फळ्यांना वाट मिळत नाही. मग उघड्या भागाचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा रुंद, गोल दिसतो. या बाळांना पिएर रोबाँ क्रम असं निदान मिळतं. तिथे टाळूपेक्षा श्वासाची काळजी आधी घ्यावी लागते. अशा काही कुटुंबांत एसओएक्स९ या जनुकापासून दहा लाखांहून जास्त अक्षरं दूर असलेल्या डीएनएत बिघाड सापडले. जनुक स्वतः शाबूत, पण त्याला जबड्यात चालू करणारं बटण दूरवर तुटलेलं.

---

गोंयकार

कोंबडी साफ करताना तिच्या तोंडात वर मधोमध लांब फट दिसते. ती काय? सगळ्या कोंबड्यांची टाळू दुभंगलेली असते म्हणायचं का?

---

मृद्गंध

हो, खरोखर तसंच! आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर पान हेच आहे.

माशांना आणि बेडकांना आपल्यासारखी दुसरी टाळू, म्हणजे नाक आणि तोंड यांच्यामधला पडदा, नसतेच. पक्ष्यांत दोन्ही फळ्या वाढतात, जवळ येतात, पण सांधत नाहीत. ती फट त्यांच्या नाकाची आतली वाट आहे. तुमच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत ना? मगरींच्या कुळात फळ्या सुरुवातीपासूनच जवळजवळ आडव्या वाढतात आणि पूर्ण सांधतात, म्हणून तोंडात पाणी असतानाही नाकाने श्वास चालू राहतो. सस्तन प्राण्यांना दूध ओढायला तोंडात पोकळी हवी आणि ओढताना श्वासही हवा. पडदा पूर्ण हवाच.

आता भेट झाल्यानंतरची गोष्ट, जी वर राहिली होती. दोन फळ्या टेकतात तेव्हा मध्ये दोघींचे वरचे थर असतात, पाठीला पाठ लावून. सांधा पक्का व्हायचा तर हा मधला थर नाहीसा व्हायला हवा. तिथे टीजीएफ-बीटा-३ हे निरोपाचं प्रथिन लागतं. १९९५ साली त्याचं जनुक काढलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या फळ्या वाढल्या, वर आल्या, एकमेकींना भिडल्यासुद्धा, आणि तरी टाळू उघडी राहिली. ती पिल्लं जन्मल्यावर दिवसभरात गेली. कोंबडीच्या फळ्यांच्या कडांवर हेच प्रथिन नसतं. १९९८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या फळ्या बशीत वाढवून त्यांना टीजीएफ-बीटा-३ दिलं, तर त्या सांधल्या! कोट्यवधी वर्षं उघडी राहिलेली फट एका निरोपाने मिटू लागली.

मधला थर जातो कुठे, यावर माझ्या क्षेत्रात वर्षानुवर्षं वाद झाला. काही म्हणत त्या पेशी मरतात, काही म्हणत रूप बदलून गाभ्यात मिसळतात, काही म्हणत सरकून कडेला जातात. पेशींवर खूण ठेवून माग काढल्यावर रूप बदलण्याची बाजू बरीच लंगडी पडली. मरणं आणि सरकणं, दोन्हींचे पुरावे आहेत. तो थर आकसतो आणि पेशी बाहेर ढकलल्या जातात, हेही जिवंत ऊतीच्या चित्रणात दिसलं आहे. नवजात बाळाच्या टाळूवर मधल्या रेषेत कधीकधी पांढरे मोत्यासारखे ठिपके दिसतात. अनेक आया घाबरून विचारतात. ते या सांध्यात अडकून राहिलेल्या पेशींचे अवशेष. काही करावं लागत नाही, आपोआप जातात.

---

अनिकेत_नाशिक

एम.एस्सी.ला आहे. एक प्रश्न. फळ्या सांधायच्या म्हणजे चिकटायला हव्यात. मग त्या जिभेलाच का चिकटत नाहीत? आठवडाभर तिला खेटूनच तर असतात.

---

मृद्गंध

अनिकेत, फार चांगला प्रश्न. कधीकधी चिकटतात, आणि तेच दुखणं होतं. वरच्या थरावर आणखी एक, अगदी सपाट पेशींचा पापुद्रा असतो. त्याला पेरिडर्म म्हणतात. तो नको तिथे चिकटू देत नाही आणि योग्य वेळी, योग्य कडेवरून बाजूला होतो. हा पापुद्रा नीट घडण्यासाठी आयआरएफ६ हे जनुक लागतं. ते नसलेल्या उंदरांच्या तोंडात सगळं एकमेकांना चिकटतं, फळ्या जिभेला अडकतात.

माणसात या जनुकाच्या एका प्रतीत बिघाड असला की व्हॅन डर वूड सिंड्रोम होतो. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे, आणि ओठ किंवा टाळू दुभंगलेली. एकाच घरात कुणाला नुसते खळगे, कुणाला ओठ, कुणाला टाळू. जनुक शोधताना एक जुळ्यांची जोडी मदतीला आली. एकसारखी जुळी, एकाला हा सिंड्रोम, दुसऱ्याला नाही, आईवडिलांनाही नाही. दोघांचा डीएनए ताडून पाहिला तर बाधित जुळ्याच्या आयआरएफ६ मध्येच एक बदल होता. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शेवंता, हे मी तुमच्यासाठीही लिहिते आहे. पोट एक, आई एक, नऊ महिने एक, आणि बदल मात्र एकाच बाळात, गर्भ रुजल्याच्या आसपास कधीतरी एका पेशीत.

अवांतर: जीभ पुढच्या दातांमागे टाळूवर फिरवा. आडव्या वळ्या लागतात ना? त्याही निरोपांनीच आखलेल्या. उंदराच्या भ्रूणात हेजहॉग नेमकं त्या पट्ट्यांतच चमकतं. पट्टी कापून काढली की शेजारच्या पट्ट्या फांद्या फोडून जागा भरू लागतात. एक निरोप पट्टी वाढवतो, दुसरा शेजारी नवी उठू देत नाही, आणि त्या ओढाताणीतून समान अंतर मिळतं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये कागदावर मांडलेली कल्पना आपल्या तोंडात आहे.

---

वाणीसाधक

मी वाचा-उपचार करते. आपल्याकडे टाळू म्हटलं की आधी डोक्यावरची मऊ जागा आठवते, तेल भरायची. तोंडातल्या टाळूचा विचार बाळ बोलायला लागेपर्यंत होत नाही.

टाळू उघडी असली की हवा नाकातून निसटते. म, न ठीक येतात, कारण ते नाकातलेच. प, ब, त, क, ग यांना तोंडात दाब हवा, तो साठत नाही. मग मूल स्वतःच वाट काढतं आणि 'काका' म्हणायचं तर गळ्यातच एक झटका देतं. ही सवय शस्त्रक्रियेनंतर आपोआप जात नाही, म्हणून टाके भरले की आमच्याकडे यायचं. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं असे व्यायाम अजून सांगितले जातात. त्यांनी बोलणं सुधारत नाही. ध्वनी शिकवावे लागतात, ध्वनीच.

दुसरं, कान. टाळू ताणणारा स्नायूच कानाची नळी उघडतो. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. कान तपासल्याशिवाय बोलण्यावर मेहनत सुरू करू नका.

---

शेवंता

वाणीसाधकताई, कानाचं कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच विचारते.

मृद्गंधताई, आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतोय. घरी नको म्हणतात. खरंच धोका किती?

---

मृद्गंध

आईवडील दोघं ठीक आणि एक बाळ असं असेल, तर पुढच्या वेळी साधारण शंभरात दोन ते पाच. म्हणजे शंभरातली पंच्याण्णव ते अठ्ठ्याण्णव बाळं व्यवस्थित. पण हा आकडा सिंड्रोम नसतानाचा आहे. आयआरएफ६ सारखं एकच जनुक असेल तर तो निम्म्यापर्यंत जातो. म्हणून आधी अनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांना भेटा. तुमच्या नेहमीच्या औषधांची यादी दाखवा, विशेषतः फिट्सची किंवा मुरुमांची असतील तर. सोनोग्राफीत अठरा-वीस आठवड्यांना ओठ बऱ्यापैकी दिसतो. फक्त टाळू अनेकदा दिसत नाही, तेव्हा "नॉर्मल" या शब्दावर फार विसंबू नका.

घरी आज एवढं करा. दोघांनी चांगल्या उजेडात खालच्या ओठावर खळगे आहेत का पाहा. मग "आ" करून पडजीभ पाहा.

---

शेवंता

पाहिलं. ओठांवर काही नाही. माझी पडजीभ सरळ आहे. ह्यांची टोकाशी दोन आहे, सापाच्या जिभेसारखी. त्यांना स्वतःला कधीच माहीत नव्हतं. ते बराच वेळ आरशासमोरून हलले नाहीत. मला दोन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि लगेच त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं.

---

मृद्गंध

त्यांना सांगा, दुभंगलेली पडजीभ शंभरात एक-दोघांना असते आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर काही त्रास न होता जगतात. त्यांच्याकडूनच मुलीला आलं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण वरची त्वचा जुळलेली आणि आतला स्नायू न जुळलेला असं कधीकधी असतं, आणि बाहेरून त्याची एवढीच खूण दिसते. म्हणून डॉक्टरांना दाखवा. फळी मागच्या टोकाला सगळ्यात शेवटी सांधते. त्यांची बहुतेक तिथवर पोचली आणि शेवटच्या टोकाला थांबली.

जाताना दोन्ही घरच्या तीन पिढ्या कागदावर लिहून न्या. कोण नाकात बोलायचं, कुणाचे काही दात मुळातच आले नाहीत, कुणाचं बाळ जन्मल्यावर दूध न ओढता गेलं. शेवटची गोष्ट घरातली सगळ्यात म्हातारी बाईच सांगू शकेल, तिला हळू विचारा.